वडोदऱ्याच्या भोसल्यांच्या मुली

मालक-मालकीण कामावर गेलेले आहेत. घरात मोलकरीण एकटीच. ती पदर खोचून कामाला लागते आणि हात चालू ठेवूनच बोलायला लागते. आईबद्दल बोलते, मुलीबद्दल बोलते, ज्यांच्या घरी भांडी घासली त्या बायकांबद्दल बोलते. मधेच एखाद्या मालकिणीची नक्कल करते, मधेच गप्प होते. नाटक संपेपर्यंत रंगमंचावर दुसरं कुणीही येत नाही. नादिरा जहीर बब्बर यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं, त्यांच्या ‘एकजुट’ या संस्थेचं हे नाटक म्हणजे ‘सकुबाई’. ते हिंदीत आहे, पण ती हिंदी मुंबईत घरकाम करणाऱ्या मराठी बाईची आहे. क्रियापदं हिंदी, हेल मराठी, आणि राग आला की दोन्हींचा काला.

या एका भूमिकेवर सरिता जोशी वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. बहुतेक प्रेक्षकांना त्या ठाऊक आहेत गुजराती रंगभूमीची थोर नटी म्हणून, किंवा ‘स्टार प्लस’वरच्या ‘बा, बहू और बेबी’ या मालिकेतली गोदावरी ठक्कर म्हणून. एक गुजराती बाई मराठी मोलकरणीचा हेल इतका बिनचूक कसा पकडते, याचं काहींना नवल वाटतं. पण सरिता जोशी माहेरच्या भोसले. घर मराठी. वाढल्या वडोदऱ्यात. त्यांची थोरली बहीण पद्माराणी हीसुद्धा गुजराती रंगभूमीवरची तेवढीच मोठी नटी. गुजराती प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना ज्यांनी पोट धरून हसवलं, त्यांत या दोन मराठी मुलींचा वाटा फार मोठा आहे. आपण मात्र त्यांना आपल्यात मोजत नाही, आणि मला ते खटकतं.

सरिताबाईंच्या विनोदाचं मूळ त्यांच्या कानात आहे, आणि तो कान वडोदऱ्यात तयार झाला, असं माझं मत आहे. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

वडोदरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या संस्थानात राहणाऱ्या माणसांच्या जिभेवर काय चाललं होतं, याकडे फार कुणी पाहिलं नाही. राज्य मराठ्यांचं, प्रजा गुजराती. दरबारी आणि कारकुनी पेशाच्या निमित्तानं आलेली मराठी कुटुंबं दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावली. घरात मराठी, ओटा उतरला की गुजराती. भाजीवाल्याशी एक भाषा, भटजींशी दुसरी, शाळेत तिसरी. आजही जुन्या वडोदऱ्यात फिरताना एकाच माणसाच्या तोंडून एका दमात दोन्ही भाषा ऐकू येतात, आणि बोलणाऱ्याला आपण भाषा बदलली याचा पत्ताही नसतो. मराठीची इथली मुळं वरवरची नाहीत. १९०९, १९२१, १९३४ आणि अगदी अलीकडे २०१८ असं चार वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात भरलं.

रंगभूमीलाही या शहरानं मोठ्या स्त्रिया दिल्या. हिराबाई बडोदेकरांच्या आई ताराबाई माने वडोदऱ्याच्या. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्याच दरबारात गायक होते. पुढे हिराबाईंनी स्वतःची नाटक मंडळी काढली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची हे महाराष्ट्राला पाहायची सवय लावली. विजया मेहतांचा जन्मही वडोदऱ्याचा, १९३४ सालचा. त्या मुंबईत आल्या आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचा चेहरा त्यांनी बदलला. हिराबाई आणि विजयाबाई ही नावं आपण अभिमानानं घेतो. त्याच शहरातल्या भोसल्यांच्या मुली गुजरातीकडे गेल्या, म्हणून आपल्या हिशेबातून सुटल्या.

त्यांचे वडील भीमराव भोसले बॅरिस्टर, आई कमलाबाई गोव्याच्या राणे घराण्यातल्या. पद्माराणींचा जन्म पुण्यातला, पण दोघी बहिणी वाढल्या वडोदऱ्यात. वडील लवकर गेले आणि घराला हातभार लावायला मुली नाटकात शिरल्या. १९४१ साली जन्मलेली सरिता तोंडाला रंग लावून उभी राहिली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ज्या वयात मुलं पाढे पाठ करतात, त्या वयात तिला दुसऱ्याच्या भाषेतली वाक्यं, गाणी आणि हालचाली पाठ करायच्या होत्या. शिवाय समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक होता.

त्या काळची गुजराती धंदेवाईक रंगभूमी कशी होती, हे जाणल्याशिवाय या मुली काय शिकल्या ते कळणार नाही. डाह्याभाई धोळशाजींनी १८८९ साली काढलेली ‘देशी नाटक समाज’ ही कंपनी आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या यांचा थाट आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या थाटाला समांतर होता. आपल्याकडे बालगंधर्व होते, तसे त्यांच्याकडे जयशंकर ‘सुंदरी’ होते. १९०१ सालच्या ‘सौभाग्य सुंदरी’ या नाटकातल्या नायिकेचं नावच त्यांना कायमचं चिकटलं. जयशंकर आले होते भोजक-नायक समाजातून. या समाजाचा पिढीजात धंदा भवाई खेळण्याचा. म्हणजे भवाईतली माणसं उठून नाटक कंपनीत आली, आणि येताना भवाईतली एक खोड बरोबर घेऊन आली. ती म्हणजे समोर बसलेल्या माणसाला धरून बोलण्याची.

भवाई म्हणजे उत्तर गुजरातचं लोकनाट्य. चौदाव्या शतकातल्या असाईत ठाकरांनी त्याचे तीनशे साठ वेश रचले अशी परंपरा सांगते. भुंगळ नावाचं लांब तांब्याचं वाद्य फुंकायचं, चाचर नावाच्या मोकळ्या गोल जागेत खेळायचं, आणि रात्रभर एकामागून एक वेश काढायचे. नायक प्रश्न विचारतो, रंगलो त्याला वाकडं उत्तर देतो. रंगलो हा त्यांचा विदूषक. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, पण बोलणं गावागणिक बदलतं. गावचा सावकार कोण, पाटलाची भानगड काय, यंदा पाऊस पडला की नाही, हे सगळं रंगलोच्या बोलण्यात येतं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या तमाशातला सोंगाड्या आणि गवळणीतली मावशी हेच करतात. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडक्यांनी शेकडो वेळा केलं, आणि प्रेक्षक पुन्हा पुन्हा आले ते आज दादा नवीन काय बोलतात ते ऐकायला.

आता मुंबई-पुण्यात तरुण मुलं कॅफेत ‘इम्प्रॉव्ह’ करतात. प्रेक्षकांकडून एखादी जागा, एखादं नातं मागून घ्यायचं आणि तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा. त्याचं शास्त्र अमेरिकेत शिकागोला तयार झालं. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी मुलांसाठी नाट्यखेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याचे सोबती यांनी १९५९ साली त्याच शहरात ‘सेकंड सिटी’ ही संस्था उभी केली. तिथला पहिला नियम असा की समोरच्यानं जे दिलं ते नाकारायचं नाही. ते घ्यायचं आणि त्यावर आपलं एक पाऊल पुढे टाकायचं. भवाईतला रंगलो आणि गवळणीतली मावशी हा नियम कुठल्याही पुस्तकाविना पाळत आले आहेत. फरक एवढाच की या परंपरेत बाई नव्हती. भवाईत स्त्रीवेश पुरुषच घ्यायचे, आणि मावशीही पुरुषच. विनोद करायचा, तोही तिथल्या तिथे सुचलेला, हा हक्क बाईकडे फार उशिरा आला.

इथे दीना पाठक यांची आठवण काढायलाच हवी, कारण त्याही एका अर्थानं बडोदा संस्थानच्याच. त्यांचा जन्म १९२२ साली अमरेलीत झाला. अमरेली तेव्हा गायकवाडांच्या राज्याचा भाग होती. सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली केला, तो याच अमरेलीत. दीनाबेन आणि त्यांची बहीण शांता गांधी ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या दिवसांत भवाईकडे वळल्या. पुरुषांचा तो खेळ त्यांनी बायकांच्या तोंडी दिला आणि त्यातून राजकारणही बोलून दाखवलं. दीनाबेनचं ‘मेना गुर्जरी’ गुजरातेत गाजलं. सिनेमात त्या पुढे आल्या, ‘गोलमाल’मध्ये खोटी आई होऊन उत्पल दत्तांच्या समोर उभ्या राहिल्या, तेव्हा भवाईतली ती तत्काळ सावरून घेण्याची कला साऱ्या देशानं पाहिली. खिडकीतून आत येणारी ती बाई आठवा. चेहऱ्यावर एका क्षणात काय काय होतं ते आठवा.

भोसले बहिणी मुंबईत आल्या आणि फरेदून इराणी यांच्या नाटकांत कामं करू लागल्या. हे फरेदून म्हणजे अभिनेत्री अरुणा इराणी यांचे वडील. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर पारशांचा वावर मोठा होता. अदी मर्झबान यांच्या ‘पिरोजा भवन’नं १९५४ साली पारशी फार्सची जी लाट आणली, तिचा परिणाम पुढची अनेक वर्षं टिकला. पारशी गुजराती ही आणखी निराळी बोली आहे, तिचे उच्चार निराळे आणि शिव्याही निराळ्या. पद्माराणींनी पुढे नामदार इराणी यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या कन्या डेझी इराणी सिंगापूरमध्ये नाटक करतात. मराठी माहेर, गुजराती रंगभूमी, पारशी सासर आणि सिंगापूरला लेक, असा हा पसारा आहे. घरातली माणसं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात हा प्रश्न अशा कुटुंबांत कुणी विचारत नाही. जी समोर येईल ती बोलतात.

सरिताबाईंच्या आयुष्यातली मोठी घटना म्हणजे प्रवीण जोशी. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘इंडियन नॅशनल थिएटर’च्या गुजराती विभागाचे ते दिग्दर्शक. धंदेवाईक रंगभूमीची जुनी पल्लेदार, गाणं-टाळीची पद्धत त्यांनी बाजूला केली आणि गुजराती नाटक आजच्या माणसाच्या दिवाणखान्यात आणलं. त्यांचं आणि सरिताबाईंचं लग्न झालं. नवरा-बायकोची ही जोडी मुंबईच्या गुजराती नाटकाचा सुवर्णकाळ मानली जाते. त्या काळातलं एक नाटक मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावं. ‘संतु रंगीली’.

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून मधु राय यांनी ते गुजरातीत आणलं. फुलं विकणारी गावंढळ मुलगी आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ मराठीत आणली. तीही ‘इंडियन नॅशनल थिएटर’नंच केली. मराठीत भक्ती बर्वे, गुजरातीत सरिता जोशी. दोन भाषांतल्या दोन थोर नटी एकाच फुलवालीच्या भूमिकेत.

पण दोघींपुढचं आव्हान सारखं नव्हतं. भक्तीबाईंना मराठीतून मराठीत प्रवास करायचा होता. सरिताबाईंच्या घरची भाषा मराठी होती, आणि त्यांना गुजराती प्रेक्षकांसमोर आधी गावंढळ गुजराती बोलायची होती आणि नंतर त्याच प्रेक्षकांना पटेल अशी सुसंस्कृत गुजराती. ज्या नाटकाचा सगळा जीव उच्चारात आहे, त्या नाटकाची नायिका बाहेरून आलेली. तिचा एक उच्चार जरी घसरला असता तरी नाटक कोसळलं असतं. ते कोसळलं नाही. उलट संतु ही गुजराती रंगभूमीवरची सर्वांत लाडकी बाई ठरली. मला यात वडोदरा दिसतं. जी मुलगी लहानपणापासून दाराच्या आत एक आणि दाराबाहेर दुसरी भाषा बोलत आली, तिला भाषा कपड्यासारखी वरून चढवता येते आणि उतरवताही येते. एकभाषिक माणसाला आपला हेल ऐकूच येत नाही. दुभाषी घरातल्या मुलाला तो सतत ऐकू येत असतो, कारण त्याच्या कानाला तुलनेची सवय असते. नक्कल करणाऱ्याला याच सवयीची गरज असते.

रंगमंचावर हजरजबाबीपणा म्हणजे नक्की काय, याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण लोक तो वाचाळपणा समजतात. मराठी नटांत ‘ॲडिशन घेणं’ असा शब्द आहे. लेखकानं न लिहिलेलं वाक्य पदरचं घालायचं. चांगली ॲडिशन घेणारा नट सगळ्यांत आधी ऐकतो. समोरचा नट वाक्य विसरला आहे का, हशा उतरायला लागला आहे का, तिसऱ्या रांगेत कुणी खोकतंय का, विंगेत प्रॉपर्टी ठेवायची राहिली आहे का, हे सगळं त्याला एकाच वेळी कळलेलं असतं. त्यातून वाक्य येतं. न ऐकता घेतलेली ॲडिशन ही नटाची स्वतःची हौस असते, आणि ती प्रेक्षकाला लगेच कळते. कित्येक लोकप्रिय विनोदी नटांचा उतारवयातला घसरडा काळ मी असाच पाहिला आहे. ते बोलत राहतात, पण ऐकणं सोडून दिलेलं असतं. हशा येईपर्यंत वाट पाहणं आणि हशा पूर्ण उतरायच्या आत पुढचं वाक्य टाकणं, या दोन क्षणांतलं अंतर मोजायला घड्याळ उपयोगाचं नाही. ते फक्त प्रयोग करून करून येतं.

गुजराती नाटकांत तर ही परीक्षा रोजची. मुंबईत गुजराती नाटकांचे कितीतरी प्रयोग सोशल ग्रुप, मंडळं आणि ज्ञाती-संस्था अख्खे विकत घेतात. म्हणजे हॉलमध्ये बसलेले लोक एकमेकांना ओळखतात. पहिल्या रांगेत ग्रुपचे प्रमुख, मागे त्यांच्या सुना, मधे पोरंटोरं. कुणी उशिरा येतं आणि मोठ्यानं नमस्कार करतं. हा प्रेक्षक नाटकाला कुटुंबासह आलेला असतो आणि त्याला हसायचं असतं. अशा हॉलला हातात ठेवणं आणि तरीही नाटकाची इज्जत सांभाळणं ही साधी गोष्ट नाही. मग तेच नाटक सुरत, वडोदरा, अहमदाबादला जातं, आणि तिथून परदेशी गुजराती वस्त्यांपर्यंत पोचतं. प्रत्येक ठिकाणी गुजराती निराळी. सुरतेत चालणारा शब्द अहमदाबादेत पडतो. नटीचा कान तिथे कामाला येतो.

१९७९ साली प्रवीण जोशी अकाली गेले. सरिताबाई तेव्हा चाळिशीच्याही अलीकडे होत्या, पदरात दोन मुली होत्या, आणि ज्याच्या दिग्दर्शनात त्यांनी आपली उत्तम कामं केली तो माणूस आता नव्हता. त्यांनी रंगमंच सोडला नाही. १९८८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना गुजराती रंगभूमीवरच्या अभिनयासाठी मिळाला.

पद्माराणींचा मार्ग थोडा वेगळा. त्यांनी ‘आई’ या भूमिकेवरच राज्य केलं. अशोक पाटोळे यांचं ‘आई रिटायर होतेय’ हे मराठी नाटक आठवत असेल. घरासाठी राबून राबून थकलेली बाई एक दिवस जाहीर करते की आजपासून मी निवृत्त. मराठीत ही भूमिका भक्ती बर्वे यांनी केली. गुजरातीत ते ‘बा रिटायर थाय छे’ झालं आणि बा झाल्या पद्माराणी. योगायोग पाहा. भोसल्यांच्या एका मुलीनं भक्तीबाईंची फुलराणी गुजरातीत केली, दुसरीनं भक्तीबाईंची आई. मराठी आणि गुजराती रंगभूमीमधली ही देवाणघेवाण इतकी जवळची होती, आणि तिच्या मधोमध दोन मराठी बहिणी उभ्या होत्या. पद्माराणी जानेवारी २०१६ मध्ये गेल्या. त्यांच्या जाण्याची बातमी गुजराती वर्तमानपत्रांत ठळक होती.

पडद्याकडे वळतो. गुजराती रंगभूमीवरचे कलाकार दूरदर्शन मालिकांत आले तेव्हा त्या धंद्याला एक मोठा फायदा झाला. ही माणसं पाठांतराला पक्की, सेटवर काही बिघडलं तरी न अडखळणारी, आणि घरगुती विनोदात मुरलेली. जे. डी. मजेठिया आणि आतिश कापडिया यांच्या ‘हॅट्स ऑफ प्रॉडक्शन्स’नं ‘खिचडी’ आणि ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ काढल्या त्या याच बळावर. २००५ साली त्यांची ‘बा, बहू और बेबी’ सुरू झाली. सासवा-सुनांच्या रडारडीचा तो काळ होता. प्रत्येक वाक्यावर तीनदा वीज चमकायची आणि कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर आदळायचा. त्यात एक मोठं, गोंधळाचं, प्रेमळ ठक्कर कुटुंब आलं, आणि त्याच्या मध्यभागी सरिताबाईंची बा. ती चिडायची, हट्ट करायची, मुलांना झापायची, चुकायची आणि चूक कबूल न करता प्रेमानं भरपाई करायची. तिच्यात खलपणा नव्हता आणि देवपणाही नव्हता. देवेन भोजानींचा गट्टू हा त्या मालिकेतला नाजूक धागा. त्या मुलाबरोबरचे बाचे प्रसंग पाहिले की कळतं, सरिताबाई समोरच्या नटाला किती जागा देतात. विनोदी नटी स्वतः हशा घेते. थोर विनोदी नटी समोरच्याला हशा घेऊ देते आणि त्याच्या हशावर प्रसंग पुढे नेते.

हिंदी सिनेमानं त्यांचा पुरेसा उपयोग केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शशांत शहा यांच्या २००८ सालच्या ‘दसविदानिया’त त्या विनय पाठक यांच्या आई झाल्या. मुलगा मरणार आहे आणि आईला ऐकू कमी येतं, या दोन गोष्टींतून हसू आणि रडू एकाच जागी उभं राहतं. मुख्य भूमिका मिळाली ती २०१३ साली, प्रिया कृष्णस्वामी यांच्या ‘गंगूबाई’त. माथेरानला घरकाम करणारी विधवा एका श्रीमंत पाहुणीच्या अंगावर पारशी गारा साडी पाहते आणि तशी साडी आपल्याला हवीच म्हणून पैसे साठवून मुंबईला जाते. इथेही मोलकरीण, इथेही मराठी मुलूख. सकुबाई आणि गंगूबाई या दोघींकडे पाहिलं की वाटतं, आयुष्यभर गुजराती बोललेल्या या नटीला तिची मराठी परत मिळाली ती मोलकरणींच्या रूपानं. आपल्या सिनेमानं आणि नाटकानं तिला मराठी घरातली दुसरी बाई होण्याची संधी द्यायला हवी होती.

एकपात्री प्रयोगाची गोष्ट निघालीच आहे तर ‘सकुबाई’कडे पुन्हा वळायला हवं. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मुळे एकट्या माणसानं अख्खं वऱ्हाड उभं करण्याची जादू मराठी प्रेक्षकाला माहीत आहे. तिथे गर्दी हेच पात्र होतं. सकुबाईत उलट आहे. एकच बाई आहे आणि ती एकटी आहे. प्रेक्षक हाच समोरचा नट. त्यानं कधी हसायचं, कधी गप्प बसायचं हे तालमीत ठरत नाही, म्हणून रोजचा प्रयोग निराळा होतो. मोलकरीण सांगते ती हकीकत दुःखाची आहे, आणि ती सांगताना हसवते. लहानपणी नाटक कंपनीत शिरलेली, घर चालवण्यासाठी तोंडाला रंग लावलेली मुलगी दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला समजून घेते, यात नवल वाटायला नको.

पुढची पिढी याच वाटेनं गेली. सरिताबाईंची थोरली मुलगी केतकी दवे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या दक्षाचा ‘आ रा रा रा’ एका काळी घराघरांत मुलं म्हणत होती. ‘कल हो ना हो’तली सरलाबेनही त्याच. धाकटी पूर्बी जोशी मात्र थेट त्या तत्काळ विनोदाच्या मैदानात उतरली. २००४ साली सुरू झालेल्या ‘स्टार वन’ वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन कॉमेडी शो’ यायचा. रणवीर शौरी, विनय पाठक, सुरेश मेनन, गौरव गेरा यांच्या त्या टोळीत पूर्बी होती. छोटे छोटे प्रवेश, एकाच भागात दहा-दहा माणसं, प्रत्येकाचा हेल निराळा. पंजाबी बाई, दक्षिणी बाई, सिनेमाची नटी, बातम्या देणारी बाई. पुरुषांच्या त्या घोळक्यात ती कुणाच्या मागे उभी राहिली नाही. पुढे ‘मेट्रो पार्क’ या वेब मालिकेत न्यू जर्सीतल्या गुजराती दुकानदाराची बायको तिनं रंगवली, तेव्हा अमेरिकेत राहून आलेली गुजराती आणि गुजराती न सोडलेली इंग्रजी तिच्या तोंडी सहज होती. आजी गोव्याची, आई वडोदऱ्याची, आणि नात न्यू जर्सीच्या गुजरातणीचा हेल पकडते. कान घरात उतरला आहे.

२०२० साली सरिता जोशींना पद्मश्री मिळाली. गुजराती रंगभूमीला तो आपला सन्मान वाटला, आणि तो तिचाच होता.

आता वाचकांकडे एक मागणं आहे. नाटक हवेत विरतं. ‘संतु रंगीली’चे ते प्रयोग, पद्माराणींची बा, फरेदून इराणींच्या काळातली कामं, यांतलं बरंचसं आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि पाहणाऱ्यांतले बरेच आता उतारवयात आहेत. वडोदऱ्याच्या, मुंबईच्या, सुरतेच्या जुन्या मराठी घरांत कुणाच्या ट्रंकेत जाहिरातीची हँडबिलं असतील, प्रयोगाच्या पुस्तिका असतील, ग्रुप फोटो असतील, ध्वनिफिती असतील. त्या रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथालयाला, विद्यापीठाच्या नाट्यविभागाला किंवा मराठी संस्थेला कळवा. घरातल्या थोरांना विचारा की त्यांनी काय पाहिलं, आणि मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करून ठेवा, मराठीत सांगोत की गुजरातीत. सरिताबाईंचं काम कधी नाटकगृहात पाहायची संधी मिळाली तर तिकीट काढून जा, आणि मुलांना बरोबर न्या.